कड्यात पांडव, खाली लाटा

बेळगावहून समुद्र गाठायचा म्हणजे घाट उतरून गोवा, नाहीतर गोकर्ण. गाडीतून उतरलं की चार पावलांवर वाळू. बाली बेटाच्या दक्षिण टोकाला मात्र समुद्र असा सहज भेटत नाही. आधी तो खूप खाली नुसता चमकताना दिसतो, मग पायऱ्या उतरत त्याच्याकडे जावं लागतं. येताना त्याच पायऱ्या चढायच्या असतात, हे गुडघेदुखीवाल्यांनी आधीच लक्षात घ्यावं!

या टोकाला बुकित म्हणतात. बुकित म्हणजे टेकडी. सगळं पठार चुनखडीचं, पाणी धरून न ठेवणारं. त्यामुळे बालीच्या चित्रांत दिसणारी हिरवीगार भातखाचरं इथे नाहीत. कोरडवाहू शेती, गुरं आणि किनाऱ्यावर समुद्री शेवाळाची लागवड, यावर इथली गावं जगत आली. पर्यटक आले ते फार नंतर.

आम्ही प्रथम गेलो पंडावा किनाऱ्यावर. नावावरून ओळखलंच असेल तुम्ही. खाली जाणारा रस्ता चुनखडीचा कडा उभा कापून काढला आहे आणि कड्यात कोनाडे कोरून पांडवांच्या भव्य मूर्ती बसवल्या आहेत. धर्मराजाला इथे धर्मवंश म्हणतात. मूर्ती मोजल्या तर सहा भरतात. सहावं कोण, यावर आमच्यात वाद सुरू झाला, तेव्हा बरोबरच्या अज्जी गाडीतूनच म्हणाल्या, "कुंती इल्ले अदाळ नोड!" खरंच, मुलांबरोबर आईही उभी होती. हा किनारा कुतुह गावची पारंपरिक ग्रामसंस्था सांभाळते. पूर्वी शेवाळाची शेती करणाऱ्या गावात आता छत्र्या, होड्या आणि शहाळ्यांचा धंदा चालतो.

सर्फिंगची खरी पंढरी म्हणजे पश्चिमेकडचं उलुवातू. 1972 साली प्रदर्शित झालेल्या 'मॉर्निंग ऑफ द अर्थ' या ऑस्ट्रेलियन चित्रपटात इथल्या लाटा दिसल्या आणि जगभरचे फळीवाले इकडे धावले. लाटा येतात दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळांतून, हजारो किलोमीटर प्रवास करून. किनाऱ्याजवळच्या प्रवाळाच्या उथळ खडकावर आल्या की त्या एकदम उभ्या राहतात. एप्रिल ते ऑक्टोबर या कोरड्या दिवसांत आग्नेयेचा वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो आणि लाटेची भिंत कोसळण्याआधी क्षणभर तोलून धरतो. त्या क्षणावर फळी घालायची, एवढाच हा खेळ. पण त्यासाठी माणसं नोकऱ्या सोडून येतात म्हणे.

समुद्रात शिरायचं ते कड्याखालच्या गुहेतून, आणि परतायचं तेही तिथूनच. भरतीला ओढ इतकी असते की गुहेचं तोंड चुकलं तर पुन्हा बाहेर जाऊन वळसा घालावा लागतो. ओहोटीला वेगळाच धोका: पाणी उथळ, खाली धारदार प्रवाळ. नवशिक्यांनी इथे हौस करू नये. आमच्या मुलानेही कड्यावर बसून नारळपाणी पिण्यातच शहाणपण मानलं.

उन्हात पडून राहणाऱ्यांसाठी पादांग पादांग. खडकातल्या अरुंद फटीतून उतरलं की छोटीशी वाळूची वाटी. ज्युलिया रॉबर्ट्सच्या 2010 च्या 'ईट प्रे लव्ह' चित्रपटामुळे गर्दी वाढली. बहुतेक पश्चिमेकडच्या किनाऱ्यांवर सकाळी कड्याची सावली असते, ऊन दुपारकडे येतं. आणि भरतीला वाळू अंगठ्याएवढी उरते. म्हणून भरती-ओहोटीची वेळ विचारूनच चटई पसरावी. वर उलुवातूचं देऊळ सुमारे सत्तर मीटर उंच कड्यावर आहे. तिथे कमरेला वस्त्र गुंडाळूनच प्रवेश. माकडं चष्मा पळवतात आणि फळ दिल्यावरच परत देतात. आमचाही एक गेला, केळ्यावर सुटला.

सगळंच असं गमतीचं नाही. जवळच्याच बिंगिन किनाऱ्यावर कड्याला चिकटून वर्षानुवर्षं उभी राहिलेली खानावळी आणि मुक्कामाची घरं सरकारी जमिनीवर बेकायदा ठरली आणि जुलै 2025 मध्ये प्रशासनाने ती पाडायला घेतली. कडा सर्वांचा, तो वाचलाच पाहिजे, हे मान्य. पण जिथे पहिल्या सर्फरांना जेवू घातलं तिथून उठवलेल्या कुटुंबांनी काय करायचं? पठारावरची मोठमोठी हॉटेलं बघितली की हा प्रश्न जास्तच टोचतो.

जाता जाता एक उपयोगाची गोष्ट. बालीत शक संवत्सर मानतात. 2023 साली आपला पाडवा (युगादी म्हणा हवं तर) आणि त्यांचा न्येपी एकाच दिवशी, 22 मार्चला आला, आणि वर्षही दोन्हीकडे 1945 च. दरवर्षी दिवस जुळतोच असं नाही. आपल्याकडे त्या दिवशी गुढी, कडुनिंब-गूळ. तिकडे संपूर्ण मौन. दिवे नाहीत, रस्त्यावर माणूस नाही, विमानतळ चोवीस तास बंद. आदल्या दिवसांत देवांच्या वस्तू वाजतगाजत समुद्रावर नेऊन शुद्ध करतात, तो सोहळा मात्र जरूर पाहावा. पण न्येपीच्या दिवशी किनाऱ्यावर पाऊल टाकता येत नाही, फळीवाल्यांनाही नाही. तेव्हा तिकीट काढण्याआधी त्या वर्षीची न्येपीची तारीख बघून घ्या.