शंभरातले सोळा

व्यवस्थापन शिकणाऱ्या मुलामुलींचा एक गट चीनच्या अभ्यासदौऱ्यावर निघाला होता. झेजियांग प्रांतातली यीवूची घाऊक बाजारपेठ आणि त्याच प्रांतातला, बांबूसाठी नावाजलेला आंजी परगणा त्यांना पाहायचा होता. पण विमानात बसण्याआधी त्यांच्या प्राध्यापकांनी त्यांना गडचिरोली जिल्ह्यातल्या भामरागड तालुक्यात, हेमलकसाला न्यायचं ठरवलं. चीनचा व्यापार समजून घ्यायला भामरागडच्या जंगलात कशाला जायचं, हा प्रश्न मलाही पडला, आणि म्हणून मीही त्यांच्याबरोबर निघालो.

बल्लारपूरच्या कागद गिरणीवरून गाडी पुढे गेली. गडचिरोलीच्या जंगलातला बांबू दशकानुदशकं इथे सवलतीच्या दरात येऊन लगदा होत राहिला. आलापल्ली मागे पडली तशी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मानवेल बांबूची बेटं दाटू लागली. तेव्हा प्राध्यापकांनी मुलांना एक आकडा सांगितला. अगरबत्तीची काडी करायला शंभर किलो बांबू घेतला, तर काडीत जातो फक्त सोळा किलो. उरलेला चौऱ्याऐंशी किलो आपल्याकडे वाया जातो. आकडा खादी व ग्रामोद्योग आयोगाचा आहे.

हिशोबाचा पुढचा भागही आयोगाचाच, 2022 च्या सुमाराचा. आपल्याकडे बांबूचा भाव टनाला चार-पाच हजार रुपये होता, पण काडीसाठी लागणाऱ्या मालाचा खर्च पंचवीस ते चाळीस हजारांवर जात होता. चीनमध्ये बांबू आठ ते दहा हजारांना, म्हणजे दुप्पट महाग होता. तरी त्यांचा खर्च बारा ते पंधरा हजारांत आटोपत होता. कारण काडी काढल्यावर उरलेल्या बांबूचा ते कोळसा करतात, फळ्या करतात, तेही विकतात. एक मुलगा म्हणाला, "सर, मला वाटलं होतं चीनमध्ये मजुरी स्वस्त म्हणून माल स्वस्त." प्राध्यापक एवढंच म्हणाले, "उद्या बघू."

हेमलकसाला मुक्काम लोकबिरादरी प्रकल्पात होता. 23 डिसेंबर 1973 रोजी बाबा आमटे यांनी सुरू केलेलं आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी आयुष्य देऊन उभं केलेलं हे काम. मुलांनी दवाखाना पाहिला, आश्रमशाळा पाहिली. इथल्या जुन्या व्यवहाराची गोष्टही त्यांना तिथेच कळली. बाहेरचे व्यापारी मीठ घेऊन यायचे आणि मिठाच्या मापाला चारोळीचं माप घेऊन जायचे. इथल्या माडिया आदिवासी माणसाला मिठाची गरज होती आणि चारोळीचा शहरातला भाव ठाऊक नव्हता. वहीत लिहून घेणारे मुलांचे हात हे ऐकताना थांबले होते.

दुसऱ्या दिवशी जवळच्या एका गावात गेलो. ग्रामसभेचं काम पाहणारा एक तरुण सोबत होता, याच आश्रमशाळेत शिकलेला. त्याने आम्हाला एका घराच्या पडवीत नेलं. तिथे एक आजी टोपली विणायला बसल्या होत्या. त्या माडियात बोलत आणि तो मराठीत सांगे.

आजींनी ओल्या बांबूच्या तोंडाशी सुरी टेकवली, वरून लाकडाचा एक ठोका दिला, आणि बांबू कडकन आवाज करत गाठीगाठीतून उकलत गेला. त्याबरोबर वास आला. ताज्या चिरलेल्या हिरव्या बांबूचा वास ओलसर आणि किंचित गोडसर असतो. या दौऱ्यातलं बाकी बरंचसं मी विसरेन, तो वास नाही विसरणार. मग सुरी पायाच्या अंगठ्याजवळ स्थिर धरून त्या कमची ओढू लागल्या. हलत होती ती कमची, सुरी नाही. वरची हिरवी चिवट साल वेगळी निघाली, आतला पांढरट गर वेगळा. साल टोपलीच्या काठाला, गर बुडाला. सुरीखाली साचत गेलेला बारीक भुगा त्या मधूनमधून एका जुन्या सुपात ओढत होत्या.

एका मुलीने विचारलं, "आजी, हा कचरा कुठे टाकता?"

आजी हसल्या. तरुणाने उत्तर सांगितलं, "हे फेकायचं नसते, म्हणते. चूल पेटवायला लागते. गोठ्यात धूर करायला लागते." पावसाळ्यात बांबूचे कोवळे कोंब, म्हणजे वास्ते, भाजीला. पाला गुरांना. जाड बुंधे कुंपणाला, कमच्या मासे धरायच्या सापळ्याला. त्या मुलीने वहीत कालचा सोळाचा आकडा लिहिला होता. त्याच्याखाली तिने लिहिलं : या घरात शंभरातले शंभर.

मला वाटतं, दौऱ्याचा खरा धडा इथेच मिळाला. चीनने बांबूची एकही सळ वाया न घालवण्याचा जो धंदा उभा केला, त्यामागची समज या पडवीत आधीपासून आहे. नाही ते यंत्र, नाही ते भांडवल, नाही तो बाजार. जंगलातून बांबू अख्खा बाहेर जातो, तेव्हा चौऱ्याऐंशी किलोंवरचा हक्कही त्याच ट्रकमध्ये बसून जातो.

आपण धोरणानेही काडीचा हा धंदा आधी मोडला आणि मग सावरायला धावलो. 2011 मध्ये अगरबत्तीच्या काडीवरचं आयात शुल्क तीस टक्क्यांवरून दहावर आणलं, आणि चीन-व्हिएतनामच्या काड्यांनी बाजार भरला. 2019 मध्ये कच्च्या अगरबत्तीच्या आयातीवर निर्बंध आले, 2020 मध्ये काडीवरचं शुल्क पंचवीस टक्के झालं. बांबूच्या कोळशाच्या निर्यातीवरची बंदी उठायला मात्र 2022 उजाडलं. म्हणजे चौऱ्याऐंशी किलोंना बाहेर गिऱ्हाईक होतं आणि दार आपणच लावून ठेवलं होतं. शुल्काची भिंत परकी काडी अडवते, पण सोळाचे वीससुद्धा करत नाही.

मालकीचा प्रश्न निदान कागदावर सुटला आहे. याच जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाने वनहक्क कायद्याखाली 2009 मध्ये सामूहिक हक्क मिळवला. पण बांबू विकण्यासाठी लागणारा वाहतूक परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती यायला एप्रिल 2011 पर्यंत झगडावं लागलं. भामरागड तालुक्यातल्या ग्रामसभाही आज आपल्या जंगलाचा हिशोब मांडतात. आमच्या सोबतचा तरुण म्हणाला, "बांबू आमचा झाला, भाव अजून ठेकेदाराचा आहे." मीठ-चारोळीच्या काळापासून बदललं किती आणि राहिलं किती, ते या एका वाक्यात आहे.

निघताना मुलांनी प्रश्नांची यादी नव्याने लिहिली. आधी त्यात किंमत, कंटेनर, कर्ज असे शब्द होते. आता पहिला प्रश्न असा होता : आंजीत काडी काढल्यावर उरलेला बांबू कुठे जातो, त्याचं यंत्र केवढं असतं, आणि ते एका गावाला पेलेल का?

त्या मुलांना माझं एकच सांगणं आहे. चीनहून परत आलात की अहवाल कॉलेजात सादर कराच, पण आधी भामरागडच्या एखाद्या ग्रामसभेत बसून तो मराठीत वाचून दाखवा. माडियात सांगायला तिथे शिकलेली मुलं आहेत. आणि सरकारला सांगणं असं की, बांबूचे कारखाने शहराजवळच्या औद्योगिक वसाहतीत नेऊ नका. चिरण्याचं यंत्र आणि कोळशाची भट्टी ग्रामसभांच्या गटाला द्या, शिकवणारा माणूस द्या, आणि विक्रीचा करार त्यांच्या नावाने होऊ द्या. ज्यांनी जंगल राखलं, त्यांच्या वाट्याला शंभरातले सोळा येणं हा व्यापार नव्हे, ती लूट आहे.