बेसबॉलचें पारितोषिक : अंदाज कां चुकतात?



अमेरिकेंत सप्टेंबर उजाडला, कीं बेसबॉलच्या रसिकांत एक वाद हटकून रंगतो : यंदाचा 'सर्वांत मोलाचा खेळाडू' कोण ठरणार? आकड्यांचीं टिपणें होतात, पैजा लागतात, आणि निकाल लागला म्हणजे पुष्कळांची निराशा होते. उत्तम खेळाडू कोण, संघाला मोलाचा कोण, आणि मतें कोणाला पडतील, हे तीन निरनिराळे प्रश्न आहेत. रसिक मात्र तिहींचें उत्तर एकच धरून चालतो, आणि तेथेंच त्याचा अंदाज फसतो.

प्रथम निवडीची रीत पाहूं. अमेरिकन व नॅशनल अशा दोन लीग असून प्रत्येकीचें पारितोषिक स्वतंत्र आहे. १९३१ पासून ही निवड बेसबॉलवर लिहिणाऱ्या वृत्तपत्रकारांची संघटना करीत आली आहे. प्रत्येक मतदार दहा नांवें क्रमानें लिहितो. पहिल्या नांवास १४ गुण, दुसऱ्यास ९, तिसऱ्यास ८, आणि असे उतरत दहाव्यास १. मतें अखेरच्या बाद फेऱ्यांपूर्वींच दिलीं जातात. त्या फेऱ्यांतील पराक्रम येथें जमेस धरला जात नाहीं. शिवाय 'मोलाचा' या शब्दाची व्याख्या नियमांत दिलेली नाहीं. तिचा अर्थ ज्यानें त्यानें लावावयाचा!

याचा परिणाम काय होतो, तें १९४१ सालीं दिसलें. फलंदाजीच्या दर हजार संधींत यशस्वी फटके किती, यावरून तेथें सरासरी मोजतात. मोसमाच्या शेवटच्या दिवशीं बोस्टनच्या टेड विल्यम्सची सरासरी ४०० ला टेकली होती. बाकावर बसून राहता, तरी ती टिकली असती. पण तो फिलाडेल्फियांत दोन्ही सामने खेळला, आठ संधींत सहा फटके साधले आणि ४०६ वर पोंचला. त्यानंतर या दोन्ही लीगमध्यें कोणीहि चारशेचा टप्पा गांठलेला नाहीं. तरीहि पारितोषिक मिळालें न्यूयॉर्क यांकीज संघाच्या जो डिमाजिओला! त्यानें लागोपाठ ५६ सामन्यांत निदान एक तरी यशस्वी फटका मारला होता. गुण पडले २९१ विरुद्ध २५४.

१९४२ व १९४७ या दोन्ही वर्षीं सरासरी, होमरन आणि संघास मिळवून दिलेल्या धावा या तिन्ही बाबतींत विल्यम्स लीगमध्यें पहिला होता. पण १९४२ सालीं यांकीजचाच जो गॉर्डन निवडला गेला, आणि १९४७ सालीं डिमाजिओ २०२ विरुद्ध २०१ अशा एका गुणानें पुढें गेला. या तिन्ही वर्षीं यांकीज लीगचे विजेते होते, हें विसरूं नये. वर्गांत सर्वाधिक गुण मिळविणारा मुलगा आणि ज्याच्यामुळें सारा वर्ग पुढें सरकतो तो मुलगा, हे एकच असतील असें नाहीं. मतदार बहुधा दुसऱ्याकडे झुकत.

परंतु मतदारांची दृष्टीहि पालटते. चेंडू फेकणाऱ्या पिचरसाठीं १९५६ पासून 'साय यंग' पारितोषिक आहे. त्यासाठीं पूर्वीं पिचरनें जिंकलेल्या सामन्यांना फार महत्त्व असे. २०१० सालीं मात्र सिअ‍ॅटलच्या फेलिक्स हर्नांडेझला १३ विजय व १२ पराभव असतांहि तें मिळालें. कारण दर नऊ डावांमागें त्यानें सरासरी अवघ्या २.२७ धावा दिल्या होत्या. २०१८ सालीं जेकब डिग्रॉमला दहाच विजयांवर तो मान मिळाला. त्याचा आंकडा होता १.७०. स्वतःचे सोबती धावा काढीत नसतील, तर त्यांत पिचरचा काय दोष?

म्हणून रसिकानें दोन याद्या कराव्या : एक आपल्या मतें पात्र कोण याची, दुसरी निवड कोणाची होईल याची. पहिली यादी आपल्या विवेकानें लिहावी, दुसरी मतदारांच्या संवयी ओळखून. दोहोंत तफावत पडली, तर खेद जरूर करावा; पण पहिली यादी खोडूं नये. विल्यम्सला १९४६ व १९४९ सालीं हें पारितोषिक मिळालें. पण आज लोक त्याची आठवण काढतात ती ४०६ या आंकड्यासाठीं, आणि त्या वर्षीं तो दुसरा ठरला होता.