दाराशी बाराबोर

घराच्या राखणीसाठी बंदूक घ्यायचीच झाली, तर कोणती? या प्रश्नाचं निम्मं उत्तर कायद्यानेच देऊन ठेवलंय. १९५९च्या शस्त्र कायद्याचं तेरावं कलम काढा. संरक्षणासाठी परवाना देताना त्यात जिचं वर्णन केलंय ती बंदूक एकच: नळी आतून गुळगुळीत, आणि लांबीला २० इंचांहून कमी नाही. म्हणजे बाराबोर. बँकेच्या किंवा सराफी पेढीच्या दाराशी खुर्ची टाकून बसलेल्या रखवालदाराच्या मांडीवर असते ती छऱ्याची बंदूक.

या 'बारा'चा हिशेब मोठा गमतीचा आहे. नळीत नेमका बसेल एवढा शिशाचा गोळा घ्यायचा. असे १२ गोळे मिळून एक पौंड भरले की ती बाराबोर. सोळा बोअरच्या नळीत बसणारे १६ गोळे पौंडात मावतात, म्हणून आकडा चढला की नळी बारीक होते. बाराबोरची नळी साधारण साडेअठरा मिलिमीटरची. पॉइंट थ्री टू रिव्हॉल्व्हरचा आकडा मात्र थेट इंचातला, आणि ती नळी जेमतेम आठ मिलिमीटर भरते.

आता काडतूस उलटं धरा. पितळी बुडाच्या मधोमध टोपी, आणि तिच्याभोवती गोलाकार ठोकलेली बारीक अक्षरं. त्यात 'के एफ' दिसलं, तर ते काडतूस आपल्या खडकीचं. 'किरकी फॅक्टरी'ची ही अक्षरं देशभरातल्या परवानाधारकांच्या कपाटात आहेत. दारूगोळा कारखाना खडकीत १८६९ला उभा राहिला. २०२१मध्ये सरकारी आयुध कारखान्यांच्या कंपन्या झाल्या, तेव्हा दारूगोळ्याच्या 'म्युनिशन्स इंडिया'चं मुख्यालयही पुण्यातच आलं. आणि मला सतत खुपणारी गोष्ट अशी की कारखाना सुरू होऊन दहा वर्षंही झाली नव्हती, तोच १८७८चा शस्त्र कायदा आला. पुण्यात काडतुसं होत होती, पण पुणेकराला बंदूक बाळगायला परवाना लागणार होता आणि युरोपियनांना त्यातून सूट होती!

पुण्यात आखलेली सगळ्यात नावाजलेली शस्त्रं पुणेकराला घरी ठेवता येत नाहीत. लष्कराची इन्सास रायफल पाषाणच्या 'एआरडीई' या संस्थेची. 'अस्मी' हे मशीन पिस्तूलही याच संस्थेने महूच्या इन्फन्ट्री स्कूलबरोबर घडवलं आणि जानेवारी २०२१मध्ये ते लोकांसमोर आलं. चापाचे भाग थ्रीडी प्रिंटिंगने केलेले, वजन दोन किलोच्या आत. पण अस्मी नऊ एमएमचं, आणि नऊ एमएम, पॉइंट फोर फाइव्ह फाइव्ह, थ्री नॉट थ्री हे सगळे प्रतिबंधित बोअर. त्यांच्या परवान्याचा विषय थेट केंद्रीय गृहमंत्रालयाकडे जातो.

मग सामान्य माणसासाठी उरतं काय? मुख्यतः बाराबोर, पॉइंट थ्री टूचं रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल, आणि पॉइंट थ्री वन फाइव्हची रायफल. रिव्हॉल्व्हरमध्ये कानपूरच्या 'निर्भीक'ची फार चर्चा झाली. २०१४ साली खास महिलांसाठी म्हणून आलेलं, टायटॅनियमच्या मिश्रधातूचं, वजन अर्धा किलो, तेव्हाची किंमत सव्वा लाखाच्या आसपास. रायफलबद्दल माझं मत स्पष्ट आहे: कोथरूड-सिंहगड रोडच्या फ्लॅटमध्ये तिचं काही काम नाही. तिची गोळी किलोमीटरभर जाते आणि आपल्याकडे समोरच्यांचं दार सहा फुटांवर असतं.

परवाना पोलीस आयुक्तालयातून मिळतो. वय २१ पूर्ण हवं. शरीर आणि मन दोन्ही ठीक असल्याचं डॉक्टरचं प्रमाणपत्र हवं, शस्त्र हाताळायचं प्रशिक्षण हवं, आणि ते घरी सुरक्षित ठेवीन असं लेखी हमीपत्रही द्यावं लागतं. २०१९च्या दुरुस्तीनंतर माणशी शस्त्रं जास्तीत जास्त दोन, आधी तीन चालत. परवान्याची मुदत मात्र तीनवरून पाच वर्षं झाली. त्याच दुरुस्तीने वरातीतल्या हौशी बारालाही लगाम घातला. आनंदाच्या भरात कुणाच्या जिवाला धोका होईल असा बार काढला, तर दोन वर्षांपर्यंत कैद, लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. निवडणूक लागली की परवानाधारकांची छाननी होते आणि ज्यांना सांगितलं जाईल त्यांनी शस्त्र जमा करायचं.

घरफोडीवाला कुलूप पाहून येतो. आपण सुट्टीला गावी गेलेलो असलो, की कपाटातली बंदूक राखण करत नाही, तीच चोरीचा माल होते. यावर सोय आहे आणि ती फारशी कुणाला ठाऊक नसते: परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे बंदूक रीतसर ठेवून पावती घेता येते.

घराच्या राखणीचा पुण्यातला सगळ्यात भक्कम नमुना शनिवारवाड्याचा. दिल्ली दरवाजाच्या एकेका फळीवर ७२ अणकुचीदार खिळे, लांबी सुमारे फूटभर, तेही हत्तीच्या कपाळाच्या उंचीला. हत्तीने धडक मारून दार फोडू नये म्हणून. फळीत माणूस वाकून जाईल एवढा दिंडी दरवाजा. मुख्य दार पडलंच, तरी आत शिरणाऱ्याला आधी उजवीकडे आणि मग डावीकडे काटकोनात वळायला लागेल अशी वाट. शत्रूची फौज आत घुसू नये याचा इतका बारीक विचार! आणि ३० ऑगस्ट १७७३ला, ऐन गणेशोत्सवात, अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्यांना मारलं ते वाड्याच्याच पगारी पहाऱ्याने. सुमेरसिंग गारदी आणि त्याचे लोक थकलेला पगार मागत आत शिरले होते. घरात शस्त्र ठेवताना ते कुणाकुणाच्या हाती लागू शकतं, हे आधी मोजायला हवं. घरात लहान मूल असेल, खचलेलं किंवा रागीट माणूस असेल, तर माझ्या मते बंदूक आणूच नये.

बंदूक असली म्हणजे चालवायची मुभा मिळाली असं नाही. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ४१ सांगतं की जबरी चोरी, सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेतली घरफोडी, राहत्या घराला आग लावणं अशा मोजक्या प्रसंगी मालमत्तेच्या बचावाचा हक्क समोरच्याचा जीव जाण्यापर्यंत पोचतो. पण कलम ३७ त्याला वेसण घालतं: पोलिसांकडे धाव घ्यायला सवड असेल तर हा हक्क नाही, आणि बचावाला लागेल त्याहून जास्त इजा कधीच करायची नाही. म्हणजे चोर पळत सुटला की चापावरचं बोट काढायचं आणि ११२ फिरवायचा.

स्वयंपाकघराचीही एक गंमत. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचा सुरा शस्त्रांच्या यादीत मोडतो. घरकाम, शेती किंवा कारखान्यासाठी बनवलेली पाती तेवढी त्यातून वगळली आहेत. म्हणून आईची विळी बिनघोर. शेतातला कोयताही. तोच कोयता रात्री चौकात मिरवणाऱ्याला मात्र ही सूट वाचवत नाही, हे पुण्याने अलीकडे पुरेसं पाहिलंय.

आणि बंदुकीचं नुसतं वेडच असेल, तर बालेवाडीची शूटिंग रेंज गाठा. पॉइंट वन सेव्हन सेव्हनची, २० ज्यूलच्या आतली हवेची बंदूक बाळगायला परवाना लागत नाही. दहा मीटरवरच्या एअर रायफलच्या निशाणावर दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. कोल्हापूरकडच्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे पुण्यात रेल्वेत तिकीट तपासनीसाची नोकरी करत बालेवाडीत सराव करायचा. १ ऑगस्ट २०२४ला पॅरिसमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये ४५१.४ गुणांनी त्याने ब्राँझ घेतलं. महाराष्ट्राच्या खेळाडूला ऑलिंपिकचं वैयक्तिक पदक मिळालं ते १९५२च्या खाशाबा जाधवांनंतर थेट तेव्हा.