महानगरपालिका भवन, मुंबई

महानगरपालिका भवन, मुंबई : बृहन्मुंबई महानगरपालिकेच्या मुख्य कार्यालयाची वास्तू. दक्षिण मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस या रेल्वेस्थानकासमोर, दादाभाई नौरोजी मार्ग (पूर्वीचा हॉर्नबी रोड) व महापालिका मार्ग (पूर्वीचा क्रुकशँक रोड) यांच्या संगमावरील त्रिकोणी भूखंडावर ती उभी आहे. वास्तुविशारद फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स (१८४७–१९००) याने तिचा आराखडा केला व १८९३ मध्ये तिचे बांधकाम पूर्ण झाले. व्हेनिशियन गॉथिक शैली व भारतीय-इस्लामी वास्तुघटक यांच्या मिश्रणाचे एक उत्कृष्ट उदाहरण म्हणून ती ओळखली जाते. भारतातील नागरी स्थानिक स्वराज्याच्या इतिहासातील अनेक महत्त्वाच्या घटनांशी ही वास्तू निगडित आहे.

पार्श्वभूमी : मुंबईच्या नगरप्रशासनाला निश्चित स्वरूप १८६५ च्या अधिनियमाने प्राप्त झाले. या अधिनियमान्वये शहरातील ‘जस्टिस ऑफ द पीस’ यांची एक निगम संस्था बनविण्यात आली आणि कार्यकारी अधिकार सरकारनियुक्त आयुक्ताकडे सोपविण्यात आले. पहिला आयुक्त आर्थर क्रॉफर्ड याने रस्ते, गटारे, बाजार व सार्वजनिक आरोग्य यांबाबत मोठ्या योजना हाती घेतल्या. तथापि त्यांवरील वाढता खर्च व त्यापायी पडणारा करांचा बोजा यांमुळे करदात्यांत तीव्र असंतोष निर्माण झाला. १८७१ मध्ये या प्रश्नावर शहरात चळवळ उभी राहिली. तरुण बॅरिस्टर फिरोजशाह मेहता (१८४५–१९१५) यांनी या वादात वेगळी भूमिका घेतली. दोष एका अधिकाऱ्याचा नसून नियंत्रणाविना चालणाऱ्या व्यवस्थेचा आहे, असे प्रतिपादन करून कार्यक्षम आयुक्त व त्यावर देखरेख ठेवणारे, करदात्यांनी निवडलेले मंडळ अशी रचना त्यांनी सुचविली. १८७२ च्या अधिनियमाने ६४ सभासदांचे मंडळ अस्तित्वात आले व त्यांतील निम्मे सभासद करदात्यांनी निवडून द्यावयाचे ठरले. मतदानाचा हक्क ठराविक कर भरणाऱ्यांपुरताच मर्यादित होता. तरीही परकीय सत्तेखालील देशात निवडणुकीच्या तत्त्वाचा हा स्वीकार महत्त्वाचा होता.

या काळात नगरपालिकेला स्वतःची साजेशी वास्तू नव्हती. प्रारंभी तिचे कार्यालय गिरगाव रस्त्याच्या टोकाला एका साध्या इमारतीत होते. १८७० मध्ये ते एस्प्लनेड भागात, वॉटसन हॉटेल व ससून मेकॅनिक्स इन्स्टिट्यूट (सध्याचे डेव्हिड ससून ग्रंथालय) यांच्यामधील इमारतीत हलविण्यात आले. मुंबई किल्ल्याची तटबंदी १८६० नंतरच्या दशकात पाडण्यात आल्यामुळे मोकळ्या झालेल्या जमिनीवर सचिवालय, विद्यापीठ, उच्च न्यायालय इ. भव्य इमारती उभ्या राहिल्या होत्या आणि १८७८ पासून बोरीबंदर येथे व्हिक्टोरिया टर्मिनसचे काम सुरू झाले होते. शासन, न्याय, शिक्षण व रेल्वे यांची प्रतिष्ठा दगडात साकार होत असताना नगराच्या प्रातिनिधिक संस्थेने भाड्याच्या वा तात्पुरत्या जागेत राहू नये, ही भावना नव्या वास्तूच्या संकल्पामागे होती.

कोनशिला व आराखड्याची निवड : ९ डिसेंबर १८८४ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड रिपन याच्या हस्ते कोनशिला बसविण्यात आली. रिपनच्या कारकीर्दीत मे १८८२ मध्ये स्थानिक स्वराज्याविषयीचा प्रसिद्ध ठराव संमत झाला होता. स्थानिक संस्थांचा हेतू केवळ प्रशासनातील सोय हा नसून लोकांचे राजकीय शिक्षण हाही आहे, अशी त्या ठरावाची भूमिका होती. भारतीय लोकांत लोकप्रिय ठरलेला हा व्हाइसरॉय त्याच महिन्यात मुंबईमार्गे स्वदेशी परतला. कोनशिला समारंभाला या पार्श्वभूमीमुळे वेगळा अर्थ प्राप्त झाला.

इमारतीसाठी मुख्यतः दोन आराखड्यांचा विचार झाला. रॉबर्ट फेलोज चिझम (१८४०–१९१५) हा मद्रास येथील सेनेट हाउसचा वास्तुविशारद. त्याने इंडो-सारसेनिक शैलीतील आराखडा सादर केला. दुसरा आराखडा स्टीव्हन्सचा असून तो गॉथिक शैलीचा होता. भारतातील सार्वजनिक इमारती येथील परंपरेतून घडाव्यात की यूरोपीय परंपरेतून, हा त्या काळी वास्तुविशारदांमध्ये चर्चेचा विषय होता. मुंबईत गॉथिक शैली आधीच रुळली होती. अखेर स्टीव्हन्सच्या आराखड्याला पसंती मिळाली. परंतु त्याने घुमट, महिरपी व सजावट यांत भारतीय घटकांचा मुक्तपणे समावेश केला. त्यामुळे दोन पक्षांतील वादाची एक प्रकारची तडजोड प्रत्यक्ष इमारतीतच झालेली दिसते.

स्टीव्हन्सचा जन्म इंग्लंडमधील बाथ येथे झाला. १८६७ मध्ये तो सार्वजनिक बांधकाम खात्याच्या सेवेत भारतात आला. रॉयल आल्फ्रेड सेलर्स होम (१८७६, नंतरचे महाराष्ट्र पोलीस मुख्यालय), व्हिक्टोरिया टर्मिनस (१८८८) व चर्चगेट येथील बाँबे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेचे मुख्यालय (१८९९) या त्याच्या अन्य प्रमुख वास्तू होत. १९०० मध्ये मुंबईतच हिवतापाने त्याचे निधन झाले.

प्रत्यक्ष बांधकामास १८८९ मध्ये प्रारंभ झाला. व्यंकू बालाजी कालेवार हे कंत्राटदार होते. जानेवारी १८९३ मध्ये नव्या सभागृहात पहिली सभा भरली आणि त्याच वर्षी इमारत पूर्ण झाली. एकूण खर्च सु. ११ लाख ८८ हजार रु. आला व तो मंजूर रकमेच्या किंचित आत राहिला. खर्चाच्या प्रश्नावरूनच ज्या संस्थेचा जन्म झाला, तिच्या दृष्टीने ही गोष्ट लक्षणीय होती.

वास्तुरचना : दोन रस्ते लघुकोनात एकत्र येत असल्याने भूखंडाचा आकार पाचरीसारखा आहे. ही अडचण स्टीव्हन्सने रचनेचे बलस्थान बनविली. दोन्ही रस्त्यांलगत दोन लांब बाजू पसरलेल्या असून त्यांच्या मीलनबिंदूवर मुख्य दर्शनी भाग व त्यामागून वर जाणारा मनोरा आहे. त्यामुळे रेल्वेस्थानकातून बाहेर पडणाऱ्या प्रवाशाची दृष्टी प्रथम याच टोकाकडे जाते. मनोऱ्याची उंची ७० मी.हून अधिक असून त्याच्या माथ्यावर फुगीर घुमट आहे. बाजूंवरील लहान घुमट व बुरुजवजा भाग यांमुळे मुख्य घुमटाचे उठाव अधिक स्पष्ट होतात.

मध्ययुगीन यूरोपात व्यापारी नगरांच्या सभागृहांवर उंच मनोरे उभारण्याची प्रथा होती. सिएना, ब्रुज इ. नगरांतील मनोरे हे सरंजामदार व धर्मपीठ यांच्यापासून नगराने मिळविलेल्या स्वायत्ततेचे चिन्ह मानले जात. गॉथिक शैलीची निवड करताना या परंपरेचा वारसा आपोआपच मुंबईच्या वास्तूला लाभला. मात्र मनोऱ्याच्या शिरोभागी टोकदार शिखराऐवजी घुमट योजिल्यामुळे त्याचे एकंदर रूप पौर्वात्य भासते.

दर्शनी भागाच्या त्रिकोणी शिखरभिंतीवर एक पंखधारी स्त्रीमूर्ती आहे. ‘अर्ब्स प्रायमा इन इंडिस’ (भारतातील प्रथम नगरी) या लॅटिन ब्रीदवाक्याचे ती मूर्त रूप होय. समोरच्या रेल्वेस्थानकाच्या घुमटावर ‘प्रगती’ची मूर्ती आहे. एकाच वास्तुविशारदाने केलेल्या या दोन वास्तू व त्यांवरील दोन प्रतीकमूर्ती समोरासमोर असल्याने हा चौक मुंबईच्या नगररचनेतील एक अत्यंत प्रभावी स्थळ बनला आहे. स्वातंत्र्योत्तर काळात महानगरपालिकेच्या बोधचिन्हावर ‘यतो धर्मस्ततो जयः’ हे ब्रीदवाक्य आले. दर्शनी भागावरील मूर्ती मात्र कायम राहिली.

दोन्ही रस्त्यांकडील बाजूंवर मजल्यागणिक कमानींच्या ओळी असून त्यांमागे ओवऱ्या आहेत. गॉथिक शैलीतील टोकदार कमानींबरोबर पाकळीदार महिरपीही आढळतात. ओवऱ्यांमुळे खोल्यांच्या भिंतींवर थेट ऊन पडत नाही, पावसाची झड आत येत नाही आणि खिडक्या उघड्या ठेवून हवा खेळती राहते. थंड हवामानात विकसित झालेली शैली मुंबईच्या उष्ण व दमट हवेला जुळवून घेण्याचा हा उपाय येथील इतर गॉथिक इमारतींतही दिसतो. छताच्या कडांशी बसविलेल्या पंखधारी पशूंच्या आकृती, स्तंभशीर्षांवरील पाने-फुले व नक्षीदार सज्जे यांमुळे दगडी दर्शनी भागाला सजीवपणा आला आहे.

अंतर्भागात मध्यवर्ती घुमटाखालील प्रशस्त जिना उल्लेखनीय आहे. सभागृह सु. २० मी. लांब, १० मी. रुंद व ११.५ मी. उंच आहे. याच इमारतीत आयुक्तांचे कार्यालय, स्थायी समितीचे दालन व विविध खात्यांच्या कचेऱ्या यांची सोय करण्यात आली. कामाचा व्याप वाढल्यावर मागील बाजूस विस्तारित इमारत बांधण्यात आली. तिची रचना साधी व उपयुक्ततेवर भर देणारी आहे.

सभागृहाचा इतिहास : इमारतीचे काम सुरू होण्यापूर्वीच १८८८ चा मुंबई महानगरपालिका अधिनियम संमत झाला. त्याच्या घडणीत फिरोजशाह मेहता यांचा मोठा वाटा होता. वेळोवेळी झालेल्या दुरुस्त्यांसह हाच अधिनियम पुढेही मुंबईच्या कारभाराचा पाया राहिला. त्याने महानगरपालिका, स्थायी समिती व आयुक्त यांचे अधिकार वेगवेगळे ठरविले. लोकनियुक्त सभागृह व सरकारनियुक्त आयुक्त एकाच छताखाली काम करीत असल्याने त्यांच्यातील सहकार्य व संघर्ष हा या वास्तूच्या इतिहासाचा मुख्य धागा आहे.

पूर्ण झाल्यानंतर तीनच वर्षांनी, १८९६ मध्ये, मुंबईत प्लेगची साथ आली. दाटीच्या वस्त्यांची सुधारणा करण्यासाठी सरकारने १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट ही स्वतंत्र संस्था स्थापन केली व नगररचनेचे महत्त्वाचे कार्य सभागृहाच्या कक्षेबाहेर गेले. हा ट्रस्ट १९३३ मध्ये महानगरपालिकेत विलीन झाला. दरम्यान १९२२ च्या दुरुस्तीने मताधिकाराचा विस्तार होऊन भाडेकरूंच्या मोठ्या वर्गाला मतदानाचा हक्क मिळाला. त्यानंतरच्या काळात विठ्ठलभाई पटेल, सरोजिनी नायडू, अवंतिकाबाई गोखले इ. राष्ट्रीय चळवळीतील व्यक्ती सभागृहात आल्या. इमारतीसमोरील फिरोजशाह मेहता यांचा पुतळा १९२३ मध्ये उभारण्यात आला असून तो डर्वेंट वुड या शिल्पकाराची कृती आहे. १९३१ मध्ये अध्यक्ष या पदाचे नाव बदलून महापौर असे करण्यात आले.

प्रौढ मतदानाच्या तत्त्वावर पहिली निवडणूक १९४८ मध्ये झाली. १९५० मध्ये उपनगरे व १९५७ मध्ये विस्तारित उपनगरे समाविष्ट होऊन महानगरपालिकेच्या क्षेत्रात मोठी वाढ झाली. १९५७ च्या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्र समितीला यश मिळाले आणि मुंबईच्या भवितव्याविषयीच्या लढ्याचे पडसाद या सभागृहातही उमटले. २०१२ च्या निवडणुकीपासून निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव ठेवण्यात आल्या. मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपल्यानंतर निवडणुका लांबल्या व कारभार प्रशासकाकडे गेला. काही वर्षे सभागृह सभांविना राहिले. आयुक्त व लोकप्रतिनिधी यांच्यातील समतोल, हा १८७१ मध्ये उपस्थित झालेला प्रश्न त्यामुळे पुन्हा एकदा चर्चेत आला.

जतन : २००० मध्ये लागलेल्या आगीत सभागृहाची मोठी हानी झाली, नंतर त्याची पुनर्रचना करण्यात आली. बृहन्मुंबईच्या वारसा नियमावलीनुसार (१९९५) ही इमारत द्वितीय ‘अ’ श्रेणीतील वारसा वास्तू आहे. समोरच्या रेल्वेस्थानकाचा २००४ मध्ये जागतिक वारसा स्थळांच्या यादीत समावेश झाला. त्यामुळे या चौकाच्या एकात्म स्वरूपाचे जतन करण्याला विशेष महत्त्व आले. २०२१ पासून सामान्य नागरिकांना मार्गदर्शकासह इमारत आतून पाहण्याची सोय करण्यात आली.

वस्तुसंग्रहालय म्हणून जतन केलेल्या वास्तूंहून या भवनाची स्थिती भिन्न आहे. ज्या प्रयोजनासाठी ते बांधले गेले, त्याच प्रयोजनासाठी ते शंभराहून अधिक वर्षे वापरात राहिले. पाणीपुरवठा, आरोग्य, शिक्षण, रस्ते इ. दैनंदिन जीवनाशी संबंधित निर्णयांचे हे केंद्र असल्याने मुंबईकरांच्या दृष्टीने त्याचे महत्त्व वास्तुसौंदर्याइतकेच नागरी हक्कांशीही निगडित आहे.