जी पत खतावणीत नोंदली गेली नाही

२९ जून २०२० रोजी सोमवार होता. टाळेबंदी काहीशी सैल झाली होती आणि नागपुरातील बाजारपेठांत एक दिवस या बाजूची, दुसऱ्या दिवशी त्या बाजूची अशा क्रमाने दुकाने उघडत होती. आषाढी एकादशी दोन दिवसांवर आली होती. चातुर्मास सुरू होण्यास जेमतेम पाच दिवस उरले होते. त्या संध्याकाळी केंद्र सरकारने माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९-अ खाली ५९ चिनी ॲपवर बंदी घातली. यादीत पहिलेच नाव टिकटॉकचे होते. गलवान खोऱ्यात १५ जूनच्या रात्री वीस भारतीय जवानांना वीरमरण आले होते. देशाची मनःस्थिती पाहता निर्णयाचे स्वागत होणे स्वाभाविक होते.

भारतात टिकटॉक वापरणाऱ्यांची संख्या तेव्हा सुमारे २० कोटी सांगितली जात होती. घरोघरी प्रतिक्रिया साधारण एकच उमटली: पोरांचा नाद सुटला, बरे झाले. पेढीवर बसणाऱ्या कर्त्या पुरुषांना हा करमणुकीचा विषय वाटला, आणि बव्हंशी तो करमणुकीचाच होता. परंतु त्याच ॲपवर काही स्त्रियांनी दुकान मांडले होते. त्या दुकानाला फळी नव्हती, गल्ला नव्हता, म्हणून ते घरातल्यांना दुकान वाटले नाही, इतकेच.

हे दुकान कसे चालत असे, ते पाहण्यासारखे आहे. पंधरा सेकंदांपासून एक मिनिटापर्यंतची चित्रफीत, साधा फोन आणि खिडकीतून येणारा उजेड एवढ्यावर काम भागत असे. इंग्रजीची गरज नव्हती. मुख्य म्हणजे आधीपासून ओळखीपाळखीची माणसे जोडलेली असण्याचीही गरज नव्हती. इतर माध्यमांवर माणूस प्रथम आपल्या परिचितांनाच दिसतो. टिकटॉक मात्र नवख्या व्यक्तीची चित्रफीत थेट अनोळखी लोकांपुढे ठेवीत असे. लसूण न घालता केलेली सांबारवडी, बटाट्याऐवजी कच्च्या केळ्याची भाजी, चातुर्मासात हिरव्या भाज्या वर्ज्य असताना डाळींवर चालणारा स्वयंपाक, साडीला फॉल लावण्याची रीत, मेंदीची नक्षी अशा विषयांना तेथे प्रेक्षक मिळत. पाहणाऱ्यांपैकी काही जणी पुढे पापड, खाखरा, लोणचे मागवीत. ॲप स्वतः चित्रफितीमागे ठरावीक मोबदला देत नसे. पैसा येई तो जाहिरात देणाऱ्या कंपन्यांकडून, अथवा घरी आलेल्या मागणीतून.

स्त्रियांच्या दृष्टीने ही संधी किती अपुरी होती, हेही लक्षात घ्यावे लागेल. २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशात कधीतरी इंटरनेट वापरलेल्या स्त्रियांचे प्रमाण ३३.३ टक्के होते, पुरुषांचे ५७.१ टक्के. म्हणजे मुळात निम्म्याहून कमी स्त्रिया या पेठेच्या वेशीपर्यंत पोहोचल्या होत्या. ज्या आत शिरल्या, त्यांतील कित्येकींच्या हाती पतीचा किंवा मुलाचा फोन होता.

बंदीनंतर धुळे जिल्ह्यातील एका खेड्यातील कुटुंबाची बातमी बरीच फिरली. टिकटॉकमुळे त्या कुटुंबाचे नाव झाले होते; ॲप बंद झाल्याचे कळताच घरातील स्त्रिया कॅमेऱ्यासमोर रडल्या. महाराष्ट्र त्यावर मनसोक्त हसला. गुदामाला आग लागून व्यापारी रडला असता, तर कोणी हसले नसते. फरक कोठे होता? गुदामातील मालाची नोंद साठावहीत असते, त्याचा विमा असतो, पंचनामा होतो. त्या स्त्रियांचे जे गेले, त्याची नोंद कोठेच नव्हती.

बँकेच्या परिभाषेत त्याला पत म्हणतात, आणि ताळेबंदात नावलौकिक या शीर्षकाखाली त्याची किंमतही धरली जाते. इतवारीतील जुनी पेढी विकली जाते तेव्हा माल आणि फर्निचर यांच्या मोलापेक्षा जास्त रक्कम का दिली जाते, हे व्यापारी कुटुंबातील शाळकरी मुलालाही सांगावे लागत नाही. गिऱ्हाईक त्या पायरीशी येते, म्हणून पायरीला मोल असते. टिकटॉकवर लाखभर लोक जिला ओळखत होते, तिचीही अशीच एक पायरी होती. परंतु ती पायरी एका परकीय कंपनीच्या मालकीची होती. भाडेपावती नव्हती, करारनामा नव्हता. जुन्या नागपुरात पगडीवर जागा घेणारा भाडेकरूदेखील यापेक्षा सुरक्षित असतो.

महालातील केळीबाग रस्त्याच्या रुंदीकरणाची हकिगत नागपूरकरांना ठाऊक आहे. दुकानांच्या जागा जातात तेव्हा मोजणी होते, नोटीस येते, मोबदल्याची मागणी करता येते. तो अपुरा वाटला तर दाद मागण्यासाठी जागा असते. जून २०२० मध्ये आदेश संध्याकाळी निघाला आणि दुसऱ्या दिवशी ॲप दिसेनासे झाले. गिऱ्हाइकांना निरोप देण्याचीही सवड मिळाली नाही. पूर्वसूचना मात्र एकदा मिळाली होती. एप्रिल २०१९ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने हे ॲप काही दिवस डाउनलोडसाठी बंद झाले होते. त्या महिन्याच्या अखेरीस बंदी उठली, आणि सारे जण तो इशारा विसरून गेले.

कायद्याचा धागा मोठा विलक्षण आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना फेसबुकवरील मजकुरासाठी अटक झाली. त्या प्रकरणावरून देशभर वादंग माजले आणि पुढे २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याच कायद्याचे कलम ६६-अ रद्द केले. मात्र त्याच निकालात कलम ६९-अ वैध ठरले. कारणे लेखी असली पाहिजेत, ती न्यायालयात तपासता येतात आणि मजकूर निर्माण करणारी व्यक्ती ओळखता येत असेल तर तिलाही ऐकून घ्यावे, अशी त्यामागची भूमिका होती. परंतु संपूर्ण ॲपच बंद होते तेव्हा सुनावणी कोणाकोणाची घ्यायची? सरकारने म्हणणे मागवले ते कंपन्यांचे; लाखो निर्मात्या त्या कार्यवाहीत कोठेच नव्हत्या. जानेवारी २०२१ मध्ये बंदी कायम झाली. राष्ट्राच्या सुरक्षेसाठी असा निर्णय घेण्याचा सरकारला अधिकार आहे, याविषयी दुमत नसावे. ज्यांचा त्यात काही दोष नाही, त्यांच्या नुकसानीची मोजदाद तरी व्हावी की नाही, हा प्रश्न वेगळा आहे.

अमेरिकेत हेच प्रकरण निराळ्या रीतीने चालले. एप्रिल २०२४ मध्ये कायदा झाला, कंपनीला २७० दिवसांची मुदत मिळाली, निर्माते स्वतः न्यायालयात गेले आणि हरले. १७ जानेवारी २०२५ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने कायदा उचलून धरला. दुसऱ्या रात्री ॲप बंद पडले, आणि एक दिवसाच्या आत पुन्हा सुरू झाले. निदान त्या नऊ महिन्यांत तेथील विक्रेत्या स्त्रियांना आपली गिऱ्हाइके दुसरीकडे वळवण्यास अवधी मिळाला.

भारतात ८ जुलै २०२० रोजी, म्हणजे दहा दिवसांच्या आत, इन्स्टाग्रामने रील्स सुरू केले. देशी ॲपही भराभर आली. जागा मिळाली, पण मोजणी शून्यापासून. नव्या पेठेचा तोरा शहरी होता. उंची कपडे, नेटके घर, चांगला कॅमेरा यांचे वजन तेथे जास्त. बारामती तालुक्यातील मोढवे गावचा सूरज चव्हाण टिकटॉकवर प्रसिद्ध झाला होता. बंदीनंतरही तो टिकून राहिला आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये बिग बॉस मराठीचा विजेता ठरला. असे पुनरागमन स्त्रियांना अवघड जाते, त्याचे कारण तांत्रिक नाही. पहिल्या वेळी अनेकींनी कोणाला फारसे न विचारता सुरुवात केलेली असते. घरात कळते तेव्हा चार पैसे येऊ लागलेले असतात आणि विरोध मावळतो. दुसऱ्यांदा मात्र परवानगी आधी मागावी लागते, हाती कमाई नसताना. आणि सासरी तोपर्यंत वाक्य तयार असते: सरकारनेच बंद केले, आता कशाला?

तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील सारोळा कासार येथील सुमन धामणे यांचे उदाहरण येथे आठवते. नातवाच्या मदतीने त्यांनी यूट्यूबवर ‘आपली आजी’ ही वाहिनी चालवली आणि घरगुती पाककृतींनी लाखो प्रेक्षक मिळवले. ऑक्टोबर २०२० मध्ये ती वाहिनी कोणीतरी हॅक केली. काही दिवसांत ती परत मिळाली, कारण तक्रार करण्यासाठी कंपनी जागेवर होती आणि पाठपुरावा करणारा नातू घरात होता. घरातील तरुण मुलाने आजीच्या कामाला काम मानले, ही गोष्ट वाहिनी परत मिळण्याइतकीच मोलाची आहे.

१५ मार्च १९५९ रोजी मुंबईच्या गिरगावात सात स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास सुरुवात केली, त्यातून लिज्जत उभे राहिले. पीठ कोणी दिले, पापड किती आले, पैसे कोणाचे, याचा हिशेब पहिल्यापासून त्यांच्याच हाती होता. आजच्या सुनेच्या हाती फोन आहे, पण बहुधा हिशेब नाही. तिचे गिऱ्हाईक ॲपच्या यादीत राहते, तिच्या वहीत येत नाही. जमा रक्कम पतीच्या खात्यात जाते. बिले दुकानाच्या नावाने फाटतात. ॲप उद्या बंद झाले तर धंदा होता हे दाखवायलाही कागद उरत नाही.

ज्या घरात तीन पिढ्यांच्या रोजमेळाच्या वह्या जपून ठेवल्या आहेत, तेथे आणखी एक वही अवघड नाही. कोणी काय मागवले, कोणत्या तारखेस, फोन क्रमांक कोणता, रक्कम कोठे जमा झाली, एवढे रकाने पुरेत. तिच्या नावाचे चालू खाते, उद्यम नोंदणी आणि खाद्यपदार्थ असल्यास अन्नसुरक्षेची नोंदणी ही कामे घरातील हिशेबनीस एका आठवड्यात उरकू शकतो. दुकानाची तो उरकतोच. प्रेक्षकसंख्या कोणतीही बँक तारण म्हणून धरत नाही, परंतु वर्षभराच्या जमेचा खातेउतारा ती वाचते. २०१५ पासून चालू असलेल्या मुद्रा योजनेत शिशु गटात ५० हजारांपर्यंतचे कर्ज तारणाविना मिळते. त्या अर्जात धंद्याचे ठिकाण विचारलेले असते. तेथे घराचा पत्ता लिहिता येतो, आणि अर्जदाराच्या जागी तिचे स्वतःचे नाव.