जुन्या पद्मिनीची वायरिंग: खर्चाआधी अर्थ तपासा

आमच्या मनीषनगरात एखाद्या दारात अजूनही जुनी प्रीमियर पद्मिनी उभी दिसते. कुर्ल्याच्या कारखान्यात ही गाडी बनणे बंद होऊन २० वर्षांहून अधिक काळ लोटला. मुंबईची पद्मिनी टॅक्सीही ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. तिची वायरिंग जाणणारे कारागीर आता कमीच. दिवा मंद झाला की डायनामो बदला, बॅटरी बदला, असा सल्ला लगेच मिळतो. व्यापारी बांधवांनी पैसे मोजण्याआधी स्वतः थोडी तपासणी करावी.

या गाडीत करंट वायरने दिव्यापर्यंत जातो, परंतु परत येतो तो गाडीच्या पत्र्यातून. यालाच बॉडी अर्थ म्हणतात. पावसाळ्यात अर्थच्या स्क्रूखाली गंज धरतो आणि परतीची वाट अडते. हिशेब साधा आहे. ६० वॅटचा दिवा १२ व्होल्टवर ५ अँपिअर ओढतो. गंजलेल्या जोडात अर्धा ओहम अडथळा असला तरी सुमारे २ व्होल्ट वाटेतच खर्च होतात. दिवा पिवळा पडतो आणि दोष डायनामोच्या माथी येतो.

साधा मल्टिमीटर घ्यावा. दिवा चालू ठेवून मीटरची एक तार बॅटरीच्या ऋण टोकाला व दुसरी दिव्याच्या अर्थला लावावी. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दाखवले तर जोड खराब समजावा. मग बॅटरीची ऋण तार काढून, स्क्रू सोडवून पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत घासावा, घट्ट बसवावा, वरून व्हॅसलिन लावावे. पुष्कळदा काम इथेच होते. जोड ठीक निघाला तर इंजिनचा वेग जरा वाढवून बॅटरीची दोन्ही टोके मोजावी. १४ व्होल्टच्या आसपास हवेत. साडेबाराच्या वर काटा सरकत नसेल, तरच डायनामो किंवा कटआउटकडे वळावे.

फ्यूजच्या जागी तांब्याची तार घालण्याचा जुगाड मुळीच नको. फ्यूज वारंवार उडतो म्हणजे बहुधा नागपूरच्या उन्हाने तडकलेली वायर कुठेतरी पत्र्याला लागली आहे. जाड तार घातली की फ्यूज वाचतो, वायर जळते. गांधीबागेतून आणलेले कापडाचे गठ्ठे मागच्या सीटवर असतील तर पुढचे सांगायला नको.

पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण करताना दिवे, इंडिकेटर, हॉर्न तपासले जातात. ही कामे तारखेच्या आठवडाभर आधीच उरकावीत.