सुतावरून चंद्र

२१ जुलै १९६९, सोमवार, सकाळचे ८ वाजून २६ मिनिटं. मुंबईच्या नायगावातली पहिल्या पाळीची माणसं केव्हाच स्प्रिंग मिल या कापडगिरणीच्या फाटकाआड गेली होती. मागांचा खडखडाट सुरू झाला होता. नेमक्या त्या वेळी पावणेचार लाख किलोमीटरहून लांब, जिथे खडखडाट काय, कसलाच आवाज पोचत नाही अशा ठिकाणी, नील आर्मस्ट्राँग नावाच्या माणसाने शिडीवरून उतरून डावा पाय धुळीत ठेवला. मुंबईच्या आकाशात तेव्हा चंद्र उगवलाही नव्हता.

नायगावच्या बीडीडी चाळीत ते कुणी पाहिलं नाही. पाहणार कसं? मुंबईत टीव्ही आला तो २ ऑक्टोबर १९७२ ला. तोवर चंद्र रेडिओवर ऐकायचा आणि पेपरात वाचायचा. दोनच दिवसांपूर्वी १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण झालेलं, त्यामुळे पेपरातही त्याला शेजार होता. पुढे तीन महिन्यांनी, २६ ऑक्टोबरच्या रविवारी, आर्मस्ट्राँग आणि त्याचे सोबती बझ ऑल्ड्रिन व मायकेल कॉलिन्स हे तिघं जगाच्या दौऱ्यावर असताना मुंबईत आले, तेव्हा या शहराने चंद्राकडे जाऊन आलेली माणसं आपल्या डोळ्यांनी पाहिली.

एखाद्या बारीकशा धाग्यावरून भलतंच अनुमान काढणाऱ्याला आपण म्हणतो, ‘सुतावरून स्वर्ग गाठतोय.’ गंमत अशी, की हे तिघं चंद्राकडे गेले त्यात सुताचा, सुईचा आणि विणकामाचा खरोखरच मोठा हात होता. कापडगिरण्यांच्या या गिरणगावाला ही गोष्ट इतर कुणाहीपेक्षा चटकन कळली असती.

आधी माणूस. आर्मस्ट्राँगचा जन्म १९३० चा, ओहायो राज्यातल्या वापाकोनेटा या छोट्या गावातला. सोळाव्या वाढदिवशी त्याने विमान चालवायचा परवाना मिळवला, मोटारीचा त्यानंतर. कोरियाच्या युद्धात ७८ उड्डाणं केली. १९५१ मध्ये एका उड्डाणात वाटेत ताणलेल्या तारेने विमानाचा पंख कापला गेला आणि त्याला हवाई छत्रीने उडी टाकावी लागली. नंतर चाचणी वैमानिक म्हणून एक्स-१५ या रॉकेट विमानातून तो जमिनीपासून ६३ किलोमीटर उंच गेला. १९६२ च्या जानेवारीत त्याची दोन वर्षांची मुलगी कॅरन मेंदूतल्या गाठीने गेली. त्याच वर्षी तो अंतराळवीर म्हणून निवडला गेला. मुलीबद्दल तो चारचौघांत बोलत नसे.

१९६६ च्या मार्चमध्ये जेमिनी-८ यानाचं एक छोटं इंजिन चालू अवस्थेतच अडकलं. यान भोवऱ्यासारखं फिरू लागलं, जवळजवळ सेकंदाला एक गिरकी. शुद्ध हरपायच्या बेतात असताना आर्मस्ट्राँगने परतीसाठी राखलेली इंजिनं वापरून ते थांबवलं. १९६८ च्या मे महिन्यात चंद्रावर उतरण्याचा सराव करायचं यंत्र हवेतच कलंडलं. ते कोसळण्याआधी अगदी थोडक्यात त्याने स्वतःला बाहेर फेकून घेतलं. सहकाऱ्यांना ही बातमी कळली तेव्हा हा गृहस्थ आपल्या टेबलाशी बसून कागद हातावेगळे करत होता.

आता सूत. चंद्रावर हवा नाही. उन्हात अंग भाजेल, सावलीत गोठेल. या सगळ्यापासून वाचवणारा पोशाख कुठल्या शस्त्रास्त्रांच्या कारखान्यात तयार झाला नाही. तो शिवला डेलावेअर राज्यातल्या डोव्हर गावच्या शिवणकाम करणाऱ्या बायकांनी, साध्या शिलाई मशीनवर. त्यांची कंपनी बायकांची अंतर्वस्त्रं बनवणाऱ्या प्लेटेक्सच्या घराण्यातली. एकावर एक २१ थर, आणि टाका जरा इकडचा तिकडे झाला तर उसवून पुन्हा. एखादी टाचणी आत राहू नये म्हणून पोशाखांचे एक्स-रे काढत. सगळ्यात वरच्या थराचं नाव होतं बीटा कापड. १९६७ च्या जानेवारीत अपोलो-१ यानात आग लागून तीन अंतराळवीर जमिनीवरच मरण पावले, त्यानंतर न पेटणारं कापड हवंच झालं. बीटा कापडाचं सूत काचेचं होतं. काच वितळवून केसाहून बारीक तंतू ओढायचे, त्यांचं सूत करायचं, त्याला टेफ्लॉनचा लेप द्यायचा आणि मागावर विणायचं.

पण सगळ्यात नवल यानाच्या संगणकाचं. त्याचा प्रोग्राम कुठे भरलेला नव्हता, तो विणलेला होता. कल्पना करा, मण्यासारखी बारीक चुंबकीय कडी ओळीने मांडली आहेत. त्यांच्यातून तांब्याची तार जाते. तार कड्याच्या आतून गेली की त्याचा अर्थ १, बाहेरून गेली की ०. झालं, एवढीच लिपी. मॅसॅच्युसेट्समधल्या वॉल्थॅम गावच्या कारखान्यात बायका समोरासमोर बसून सुईत ओवलेली तार एकमेकींकडे आरपार देत. पुढची सुई कुठल्या भोकातून घालायची, हे भोकं पाडलेल्या पट्टीवर चालणारं यंत्र दाखवी. जेकार्डच्या मागावर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांनी नक्षी उठते, तसंच. यातल्या कित्येकजणी आधी कापड गिरण्यांत आणि घड्याळाच्या कारखान्यांत काम केलेल्या होत्या. अभियंते गमतीने याला ‘म्हाताऱ्या बायांची स्मृती’ म्हणत. सहा खोक्यांत मिळून जवळपास ५ लाख ९० हजार शून्य-एक विणलेले होते. व्हॉट्सॲपवर रोज येणारा ‘शुभ सकाळ’चा फोटोसुद्धा याहून जास्त जागा खातो. पण विणलेलं ते विणलेलं. वीज गेली तरी ते पुसलं जात नसे.

या विणकामाची परीक्षा उतरताना झाली. चंद्र जवळ आलेला, आणि संगणकाने धोक्याचा आकडा दाखवला: १२०२. म्हणजे, ‘माझ्याकडे कामं जास्त झाली, सगळी उरकत नाहीत.’ गिरणीत सकाळी बदली कामगार कमी आले की जॉबर, म्हणजे मुकादम, काय करायचा? गरजेचे माग चालू ठेवायचा, बाकीचे थांबवायचा. त्या संगणकाच्या प्रोग्राममध्ये असाच एक जॉबर विणून ठेवला होता. त्याने बिनमहत्त्वाची कामं बाजूला टाकली आणि उतरण्याचं काम सोडलं नाही. आकडा पुन्हा पुन्हा आला, पण पृथ्वीवरून निरोप गेला, पुढे चला.

तेवढ्यात आर्मस्ट्राँगला दिसलं, की यान उतरू पाहतंय ती जागा मोठमोठ्या धोंड्यांनी भरलेली आहे. त्याने सुकाणू हातात घेतलं आणि यान जवळजवळ आडवंच पुढे नेलं. नाडी मिनिटाला १५० वर गेली. आपल्याकडे रात्रीचे पावणेदोन वाजून गेले होते. यान टेकलं तेव्हा उतरण्याचं इंधन मिनिटभराचंही उरलं नव्हतं.

एवढं होऊनही हा माणूस स्वतःला मोठा समजला नाही. अपोलो या चांद्रमोहिमेच्या कामाला सुमारे ४ लाख माणसं जुंपलेली होती आणि श्रेय त्यांचं, हे तो सांगत राहिला. १९७१ मध्ये त्याने नासा सोडली आणि सिनसिनाटीच्या विद्यापीठात आठेक वर्षं मुलांना शिकवलं. आपल्या सह्या विकल्या जातात हे कळल्यावर सह्या देणं बंद केलं. २०१२ च्या ऑगस्टमध्ये तो गेला. त्याची रक्षा समुद्रात सोडली.

इकडे १९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा संप झाला. मागांचा आवाज थांबला तो पुन्हा पहिल्यासारखा घुमलाच नाही. स्प्रिंग मिलच्या जागेवर आता टोलेजंग इमारती आहेत.

एक गोष्ट राहिली. चंद्रावर उतरलेल्या यानात आर्मस्ट्राँगने स्वतःच्या सामानात एक कापडाचा तुकडा नेला होता. राइट बंधूंच्या १९०३ च्या पहिल्या विमानाच्या पंखावरचा, साध्या सुती मलमलीचा. तो चंद्रावर जाऊन परत आला. हा तुकडा एखाद्या जुन्या नायगावकराच्या हातात पडला असता, तर त्याने आधी तो दोन बोटांत चोळून पाहिला असता आणि मग विचारलं असतं, ‘कुठल्या मिलचा?’